‘प्राइस प्लीज’चं उत्तर पानावरच द्या

प्रश्न : माझी आई शिवलेल्या नऊवारी करते. आम्ही मोहन्यात राहतो. कापड उल्हासनगरहून आणतो, शिवण घरातच होते. इतके दिवस सगळी विक्री इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर होती. आता भावाच्या मदतीनं स्वतःचं ऑनलाइन दुकान सुरू केलंय. लोक प्रॉडक्ट पेज उघडतात, फोटो बघतात आणि परत व्हॉट्सअॅपवर येऊन ‘प्राइस प्लीज’, ‘साइज मिळेल का’ असंच विचारतात. सगळी माहिती पानावर असताना असं का होतं? पानावर काय कुठे ठेवायचं, याचा काही नियम असतो का?
– एक वाचक, मोहने (ता. कल्याण)

उत्तर : नियम आहे, आणि तो शोधायला तुम्हाला कुठे जावं लागणार नाही. तुमच्या आणि आईंच्या व्हॉट्सअॅपवर गेल्या दोन-तीन महिन्यांत गिऱ्हाइकांचे जे मेसेज आले, ते एकदा वहीत उतरवून काढा. नमस्कार-चमत्कार सोडून द्या, फक्त प्रश्न लिहा. माझा अंदाज आहे की पाच-सहा प्रश्नच फिरून फिरून येत असतील. केवढ्याला? मला बसेल का? कापड कुठलं? पाडव्याच्या आधी मिळेल का? नाही बसली तर काय? हे प्रश्न ज्या क्रमानं येतात, तोच तुमच्या पानाचा क्रम. डिझाइनची पुस्तकं याहून फार वेगळं काही सांगत नाहीत.

साडीच्या दुकानात गादीवर बसलेला मुरलेला माणूस आठवा. तो आधी घडी मोडतो, पदर उघडून दाखवतो, मग भाव सांगतो. ‘पाण्यात टाकायची नाही, ड्रायक्लीन करायची’ हे तो बिल होताना सांगतो. कारण ज्या बाईनं साडी घ्यायचं अजून ठरवलेलंच नाही, तिला ती कशी धुवायची याच्याशी काय देणंघेणं? प्रॉडक्ट पेजला हीच समज हवी.

तुम्ही पाठवलेलं पान मी फोनवर उघडून पाहिलं. सगळ्यात वर दुकानाच्या नावाची मोठी पट्टी, तिच्याखाली ‘रॉयल कलेक्शन’. मग फोटो. मग परंपरेविषयी सुंदर, पण लांबलचक परिच्छेद. मापांचा तक्ता आहे, पण तो चित्रात अडकलेला. बोटांनी मोठा केल्याशिवाय वाचता येत नाही. किंमत त्याच्याही खाली, फिकट करड्या अक्षरात. म्हणजे माहिती पानावर आहे हे तुमचं म्हणणं खरं, पण ती गिऱ्हाइकाच्या वाटेत नाही. आणि व्हॉट्सअॅपचं बटण मात्र हिरवंगार, उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या टप्प्यात. अंगठा तिकडे जाणारच.

आता फोनच्या पहिल्या पडद्यावर, म्हणजे पान वर न सरकवता जेवढं दिसतं तेवढ्यात, काय हवं ते पाहू. फोटो, नाव, किंमत, माप निवडायची जागा आणि खरेदीचं बटण. बस. दुकानाचं नाव बारीक पट्टीत राहू द्या. गिऱ्हाईक या क्षणी साडी बघायला आलंय. दोन ओळी जास्त झाल्या आणि माप थोडं खाली गेलं तर बिघडत नाही, पण फोटो आणि किंमत एका नजरेत यायलाच हवी.

नाव कसं असावं? ‘रॉयल क्वीन कलेक्शन ०७’ या नावातून काही कळत नाही. ‘शिवलेली ब्राह्मणी नऊवारी, सेमी पैठणी, आमसुली, सोनेरी काठ’ या नावातून निम्मे प्रश्न सुटतात. प्रकार (ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी), कापड, रंग, काठ हा क्रम सगळ्या पानांवर सारखा ठेवा. रंगाला आपल्याकडे चालतं तेच नाव द्या. मोरपंखी, राणी, शेवाळी म्हटलं की आपल्या बायकांच्या डोळ्यांपुढे रंग उभा राहतो. पण कुणी रोमन अक्षरांत ‘नऊवारी’ लिहून शोधेल, तर कुणी नुसतं ‘रेडीमेड’. म्हणून तीच नावं वर्णनात रोमन लिपीतही एकदा येऊ द्या.

किंमतीबद्दल मी अंमळ जोर देऊन सांगतो. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ ही इन्स्टाग्रामची सवय दुकानात आणू नका. किंमत झाकली की गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस बघून भाव सांगणार. त्यात कायदाही तुमच्या सवयीच्या विरुद्ध आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे तुमच्यासारख्या नियमित धंदा करणाऱ्या घरगुती दुकानालाही लागू होतात. एकूण किंमत एका आकड्यात द्यायची आणि डिलिव्हरी, हाताळणी, कर यांची फोडही दाखवायची, असं ते सांगतात. शेवटच्या पायरीला अचानक दीडशे रुपये डिलिव्हरी चार्ज उगवला की माणसं निघून जातात. ऑनलाइन खरेदीचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या बेमार्ड या डेन्मार्कच्या संस्थेच्या नोंदीनुसार, कार्टमध्ये टाकलेल्या दहापैकी सुमारे सात खरेद्या पैसे न भरताच सोडून दिल्या जातात. नुसतं बघायला आलेले वगळले, तर सोडून देण्याच्या कारणांत पहिला नंबर असतो तो असल्या वाढीव खर्चांचा. शक्य असेल तर महाराष्ट्रापुरता डिलिव्हरी चार्ज किंमतीतच धरा आणि किंमतीच्या शेजारी ‘डिलिव्हरी धरून’ असं लिहा.

आणखी एक बारीक गोष्ट. परदेशी टेम्प्लेट घेतलं की आकड्यातले स्वल्पविराम त्यांच्या पद्धतीनं पडतात. आपल्याकडे १,२५,००० लिहितात, तिकडे १२५,०००. तुमच्या नऊवारीला हा प्रश्न येणार नाही, पण पुढेमागे हातमागाची पैठणी ठेवलीत तर येईल. सेटिंगमध्ये भारत निवडलं की हे बहुधा आपोआप सुटतं.

आता फोटो. इथे वेळ आणि पैसा दोन्ही घाला, कारण कापडाला हात लावता येत नाही, ही ऑनलाइन साडीची मूळ अडचण आहे. नऊवारीचा समोरून काढलेला फोटो सगळेच टाकतात. पण घेणारीला खरं बघायचं असतं ते मागून, काष्टा नीट बसलाय का, काठ मधोमध आलाय का. म्हणून दुसरा फोटो पाठीमागचा. तिसरा बाजूनं, ओचा आणि निऱ्या दिसतील असा. चौथा पदर पसरून. पाचवा काठाचा जवळून, शेजारी शिवणाची टेप ठेवून, म्हणजे काठ चार इंची की सहा हे लिहिण्याची गरज उरत नाही. सहावा आतल्या बाजूचा : शिवण, कमरेचं इलॅस्टिक किंवा नाडी, आत सोडलेली माया. सहसा कोणी तो टाकत नाही, आणि घरची शिवण बाजारातल्या शिवणीपेक्षा सरस आहे हे नेमकं तिथेच दिसतं. आईंचं कसब दाखवणारा तोच फोटो आहे, तो लपवू नका.

फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका. सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन येणार नाही अशा जागी काढा. फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनानं ‘सुधारतो’ आणि राणी रंगाचा भलताच गुलाबी करून टाकतो. पहिल्या फोटोत कापडाशेजारी पांढरा कागद ठेवा. कागद पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवा आणि तेच सेटिंग पुढच्या फोटोंना ठेवा. फिल्टर तर अजिबात नको. ‘फोटोत वेगळा होता’ म्हणून परत आलेली एक नऊवारी चार ऑर्डरींचा नफा खाते.

कापडाच्या बाबतीत मोहन्याच्या माणसाला मी काय सांगावं? तुमच्याकडचा एनआरसी हा रेयॉनचा कारखाना २००९ पासून बंद आहे, पण रेयॉनच्या धाग्याचा व्यवहार कसा चालतो हे सांगणारी माणसं मोहन्यात आणि शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या आसपास अजून भेटतील. धागा घेणारा प्रत्येक कोन उघडून बघत नाही, तो लेबल वाचतो. डेनियर किती, म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, लॉट कुठला, प्रत कुठली. लॉट बदलला की तोच रंग वेगळा चढू शकतो, म्हणून एका कापडात दोन लॉट मिसळत नाहीत. न बघता घेणाऱ्याला जे कळायला हवं ते सगळं थोडक्या जागेत, ठरलेल्या क्रमानं आणि खरंखुरं लिहायची ही शिस्त तुमच्या पानाला तशीच्या तशी उपयोगी आहे. ताका बदलला तर फोटो नव्यानं काढा. जुन्या फोटोवर नवा ताका विकू नका.

आणि कापडाचं खरं नाव लिहा. पॉवरलूमवरची असेल तर ‘सेमी पैठणी, पॉवरलूम’. नुसतं ‘पैठणी’ लिहू नका. येवला-पैठणच्या हातमागावरच्या पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या विणकरांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत त्या नावामागे आहे. ते नाव फुकट वापरणं हे गिऱ्हाइकाला फसवणं आहेच, पण येवल्याच्या मागावर बसलेल्या माणसाच्या ताटातलंही काढून घेणं आहे. ‘आर्ट सिल्क’ असेल तर शेजारी ‘रेयॉन’ किंवा ‘पॉलिएस्टर’, जे असेल ते लिहा. शुद्ध रेशीम म्हणत असाल तर सिल्क मार्कचं लेबल हवं आणि त्याचा फोटो पानावर हवा. रेयॉनचा धागा भिजल्यावर बराच कमजोर होतो, त्यामुळे त्याची धुण्याची सूचना वेगळी असते. पण ही सूचना खाली, शेवटच्या भागात.

मापाचा भाग सगळ्यात जास्त कामाचा आहे. ‘फ्री साइज’ लिहिलेल्या शिवलेल्या नऊवारीवर कोणाचाच विश्वास बसत नाही, कारण काष्टा कुठे ओढला जातो हे नेसणारीला पुरतं ठाऊक असतं. तीन मापं द्या : कंबर, सीट आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची. इंचात द्या, कारण शिंप्याकडे आपण इंचातच बोलतो. तक्ता चित्रात नको, अक्षरात हवा. म्हणजे तो फोनवर आपोआप मावेल आणि अंध व्यक्तीचा फोन तो वाचूनही दाखवेल. तक्त्याखाली तीन ओळींत सांगा की माप कुठे टेप धरून घ्यायचं. फोटोतल्या बाईची उंची आणि तिनं घातलेलं माप लिहा. हा एका ओळीचा मजकूर शंभर मेसेज वाचवेल. आणि नऊवारी पूर्ण नऊ वारातून शिवली आहे की सहावारी साडीतून, हे स्पष्ट करा. दोन्ही चालतात, पण निऱ्यांच्या घेरात फरक पडतो आणि किंमतीतला फरकही त्यामुळेच असतो.

मग येतो वेळेचा प्रश्न. डोंबिवलीच्या फडके रोडवर स्वागतयात्रेला निघणाऱ्या मुलीला नऊवारी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मिळून काय उपयोग? मंगळागौरीचं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं तेच. म्हणून बटणाजवळ पिनकोडची चौकट ठेवा. ४२१२०१ टाकला की ‘गुरुवारपर्यंत पोचेल’ असं उत्तर आलं पाहिजे. पिनकोड ही पद्धत आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली. दळणवळण खात्यात अधिकारी असलेल्या या संस्कृत पंडितांनी १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांनी देशाची टपालवाटणी लावून दिली. सारख्या नावाची गावं आणि न वाचता येणारे पत्ते यातून या पद्धतीनं वाट काढली. आज कुरियरवाल्यांचं सगळं गणित त्याच सहा आकड्यांवर चालतं. मापाप्रमाणे शिवून देत असाल तर शिवायला लागणारे दिवस धरूनच तारीख सांगा.

‘नाही बसली तर?’ याचंही उत्तर बटणाच्या खालीच, एका ओळीत : किती दिवसांत बदलून मिळेल, परत पाठवायचा खर्च कोणाचा, मापानुसार शिवलेली बदलून देता की फक्त उसवून-आवळून देता. सविस्तर नियमांचं वेगळं पान करा, पण ही ओळ इथेच हवी. न पाहिलेल्या मालावर माणूस विश्वास का ठेवतो, हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डनं १८७२ मध्ये खेड्यांतल्या शेतकऱ्यांना टपालानं माल विकायला एका कागदावर छापलेली किंमतींची यादी पाठवली. तीनच वर्षांत ‘पसंत नसेल तर पैसे परत’ हे वचन त्याला जोडावं लागलं, आणि त्या वचनानंच धंदा वाढला. आपल्याकडे कॅश ऑन डिलिव्हरीनं तेच काम केलं. पण सीओडीत दारातून परत आलेलं पार्सल, ज्याला विक्रेते आरटीओ म्हणतात, ते दोन्ही बाजूंच्या कुरियरचा खर्च तुमच्या माथी मारतं. मापाची आणि कापडाची माहिती जितकी पक्की, तितके आरटीओ कमी. सदोष माल किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही २०२० च्या नियमांत आहे.

एवढं झालं की मग खाली वर्णन, धुण्याची सूचना, गिऱ्हाइकांचे अभिप्राय आणि आईंची गोष्ट. हो, ती गोष्ट काढून टाकू नका. मोहन्यातल्या एका घरात, कोणाच्या हातानं हे शिवलं जातं, हे वाचायला लोकांना आवडतं. फक्त ती किंमतीच्या वाटेत नको. अभिप्राय टाकताना गिऱ्हाइकाचा फोटो तिच्या परवानगीशिवाय वापरू नका. आणि तक्रारीसाठी जबाबदार माणसाचं नाव व संपर्क पानाच्या तळाशी द्या. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं.

थोडं तांत्रिक, भावासाठी. तुमचं गिऱ्हाईक संगणकासमोर बसलेलं नाही. ते कसारा लोकलमध्ये एका हातानं हँडल धरून उभं आहे. फोनच्या वापराचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, गाड्यांत, दुकानांत फोन वापरणाऱ्यांची निरीक्षणं नोंदवली, तेव्हा स्पर्शानं फोन चालवणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक तो एकाच हातात धरत होते. म्हणून खरेदीचं बटण पडद्याच्या तळाशी कायम दिसेल असं ठेवा, आणि ते बोटानं चुकू नये इतकं मोठं, साधारण नऊ मिलिमीटर उंच, करा. फोनवरून काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे सहा फोटो एका पानावर म्हणजे गाडी पुढच्या स्टेशनात पोचली तरी पान उघडणार नाही. फोटो वेबपी प्रकारात करून दीडशे-दोनशे केबीपर्यंत आणा. पहिला फोटो आधी उतरू द्या, बाकीचे सरकवल्यावर. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा मापदंड आहे. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहा. नाहीतर फोटो उतरला की मजकूर खाली ढकलला जातो आणि बटणावर टेकलेलं बोट भलत्याच जागी पडतं.

मराठी मजकुरासाठी ओळींत जास्त जागा सोडा. इंग्रजीसाठी बसवलेल्या अंतरात आपल्या वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडतात. अक्षराच्या दीडपटीहून थोडं अधिक अंतर ठेवलं की डोळ्याला बरं वाटतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी केलेला ‘मुक्त’ हा फाँट मोफत आहे आणि बारीक आकारातही स्वच्छ वाचता येतो. पांढऱ्यावर सोनेरी अक्षरं मात्र कुठेही नकोत. साडीच्या पानांवर हा मोह फार होतो आणि उन्हात त्यातलं काही दिसत नाही.

व्हॉट्सअॅपचं बटण ठेवा. काही बायकांना बोलूनच घ्यायचं असतं आणि त्यांना तो हक्क आहे. फक्त ते मापाच्या तक्त्यानंतर ठेवा, आणि तिथे आलेला नवा प्रश्न दोन-तीनदा आला की त्याचं उत्तर पानावर चढवा.

प्रश्न : मी घरगुती गोडा मसाला विकते. पाकिटावर सगळं छापलेलं आहे. तेच परत प्रॉडक्ट पेजवर लिहायची गरज आहे का? पान भरून जातं.
– एक गृहिणी, टिटवाळा

उत्तर : गरज आहे. वेष्टित मालाच्या नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१८ पासून हे बंधन आलं. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक तक्रारीचा संपर्क, हे सगळं खरेदीआधी पडद्यावर दिसायला हवं. बनवल्याचा महिना-वर्ष तेवढं पानावर नसलं तरी चालतं, कारण ते प्रत्येक घाण्याला बदलतं. यात अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, घटक आणि शाकाहारी असल्याची हिरवी खूण यांची भर घाला.

पान भरून जायची भीती बाळगू नका. फोटो, नाव, वजन आणि किंमत वर. वजन निवडलं की किंमत तिथल्या तिथे बदलली पाहिजे. शंभर ग्रॅमला किती पडतात तेही लिहा, म्हणजे अर्ध्या किलोचं पाकीट घेण्यातला फायदा न सांगता कळतो. बाकीचं खाली एका साध्या तक्त्यात. फोटोंत पाकिटाची मागची बाजू वाचता येईल इतकी जवळून घ्या, आणि एक फोटो मसाल्याचा, वाटीत काढलेला. गोड्या मसाल्याचा रंग किती काळपट आहे, यावरच जाणती बाई तो खोबरं-तीळ नीट भाजून केलाय की नाही हे ठरवते. ‘टिकतो’ एवढंच लिहू नका, किती महिने ते लिहा. गिऱ्हाइकाच्या हातात पडताना मालाची किमान ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत शिल्लक असावी, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगणं आहे. त्या हिशेबानं साठा करा.

प्रश्न : ‘फक्त २ शिल्लक’, ‘१० मिनिटांत ऑफर संपणार’ असं पानावर लावलं की विक्री वाढते, असं एका मार्केटिंगवाल्यानं सांगितलं. लावावं का?
– एक दुकानदार, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : खरोखर दोनच शिल्लक असतील तर जरूर लिहा, ती गिऱ्हाइकाच्या उपयोगाची माहिती आहे. नसतील तर लिहू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत आणि खोटी घाई हा त्यातला एक. न विचारता कार्टमध्ये वस्तू किंवा देणगी घुसवणं, किंमत टप्प्याटप्प्यानं उघड करणं, ‘नको, मला बचत करायची नाही’ असं बटण ठेवून माणसाला ओशाळं करणं, हेही त्यात येतं. आधीच टिक मारून ठेवलेली संमतीची चौकट तर २०२० च्या नियमांनीच बंद केली होती. स्वतःच गिऱ्हाईक बनून लिहिलेले अभिप्रायही त्याच नियमांत बसत नाहीत.

कायदा बाजूला ठेवला तरी, डोंबिवलीत धंदा करताना हे परवडत नाही. तुमचं गिऱ्हाईक तुमच्याच सोसायटीत, तुमच्याच डब्यात, भिशीच्या त्याच मंडळात आहे. पान पुन्हा उघडल्यावर ती दहा मिनिटं परत दहापासून सुरू झालेली एकीनं पाहिली, की दुसऱ्या दिवशी सगळ्या जणींना कळतं. त्या मार्केटिंगवाल्याला नम्रपणे नाही म्हणा.

प्रश्न : स्वतःचं दुकान काढावं की मोठ्या मार्केटप्लेसवर विकावं? आणि प्रॉडक्ट पेज डिझायनरकडून करून घ्यावं का?
– एक वाचक, कल्याण (पश्चिम)

उत्तर : मार्केटप्लेसवर मांडणी तुमच्या हातात नसते. अॅमेझॉनवर तर मुख्य फोटोची पार्श्वभूमी निखळ पांढरी आणि वस्तू चौकटीच्या ८५ टक्के जागेत बसलेली हवी, इथपर्यंत नियम आहेत. तिथे तुमचं कौशल्य नावात, पुढच्या फोटोंत आणि मापांत दिसतं. मात्र सुरुवातीला गिऱ्हाईक आयतं मिळतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात अशा मंचावरून माल विकण्यासाठी पूर्ण जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, नावनोंदणी क्रमांक पुरतो. उलाढालीची मर्यादा तेवढी पाळावी लागते. म्हणून एक-दोन हंगाम तिथे काढा, लोक काय विचारतात ते टिपून ठेवा आणि मग स्वतःचं दुकान उघडा.

डिझायनरची घाई नको. पन्नासेक वस्तूंच्या दुकानाला तयार, साधं टेम्प्लेट पुष्कळ झालं. हातात पंधरा हजार असतील तर बारा हजार चांगल्या फोटोंवर खर्च करा, आणि उरलेल्या तीन हजारांत एखादा जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन घेऊन दुकानाचं प्रत्येक नवं पान आधी त्यावर उघडून बघा.